पुडिंगमधलं अंडं आणि कपाळावरची टिकली

आमच्या मंडळीत दरवर्षी मार्चमध्ये एक रविवार बायकांचा असतो. गीतं निवडण्यापासून संदेश देण्यापर्यंत सगळं त्या दिवशी बायकांनीच करायचं. एका वर्षी संदेश द्यायची पाळी माझ्यावर आली. विषय कुठला घ्यावा म्हणून फार विचार करावा लागलाच नाही. पंडिता रमाबाई! मराठी ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलीला हे नाव नवीन नसतं. आमच्या घरी भिंतीवर त्यांचा फोटो होता. पांढरं लुगडं, कापलेले केस, शांत पण कुणाचं ऐकून न घेणारे डोळे.

खरं सांगायचं तर भाषण माझ्या डोक्यात आधीच तयार होतं. मराठी बायबलमध्ये येशूच्या विरोधकांची जोडी येते, शास्त्री आणि परूशी. देवळात पुढच्या आसनावर बसणारे, चौकात उभं राहून लांबलचक प्रार्थना करणारे, पुदिना-जिऱ्याचा दहावा भाग चोख मोजून देणारे आणि दया मात्र घरी विसरून येणारे. आता पुण्यातल्या सनातन्यांना त्या शास्त्री-परूश्यांच्या जागी बसवायचं, रमाबाईंना आपल्या बाजूला घ्यायचं, की झालं भाषण! वीस मिनिटांचं काम. टाळ्याही मिळाल्या असत्या.

पण म्हटलं, एकदा नीट वाचून घ्यावं. आणि तिथेच घोळ झाला.

रमाबाईंच्या गोष्टीची सुरुवात त्यांच्या वडिलांपासून करावी लागते. अनंतशास्त्री डोंगरे हे पक्के सनातनी, वैष्णव, मोठे विद्वान. पण एक खोड होती. बाईनं संस्कृत शिकावं असं त्यांना वाटायचं. आपल्या कोवळ्या वयाच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी शिकवायला घेतलं आणि गावात गहजब झाला. उडुपीच्या विद्वानांपुढे त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्रांतलेच आधार काढून त्यांनी तो दिला, पण लोकांच्या बोलण्याला कंटाळून पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात बिऱ्हाड थाटलं. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाचा जन्म झाला. रमाला शिकवलं ते आईनं. पहाटे, बाकीची कामं सुरू व्हायच्या आत, मांडीवर बसवून. बारा वर्षांची होईपर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक त्या मुलीला पाठ होते.

पुढे घर गेलं, जमीन गेली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत पायी फिरू लागलं. जे मिळेल त्यातलं बरंचसं दानधर्मात जायचं. पुण्य साठत होतं, पैसा नाही. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. अंगावरचे दागिने गेले, भांडी गेली, शेवटी रानातली पानं खाऊन दिवस काढावे लागले. उच्च जातीच्या माणसानं मजुरी करायची नाही, असा नियम. नियम पाळला गेला, आणि माणसं मेली. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. आईला उचलायला ब्राह्मण मिळेनात. दोघं कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथी रमा. तिची उंची खांद्यापर्यंत पुरेना म्हणून तिनं तिरडी डोक्यावर घेतली.

हे वाचताना मी पेन खाली ठेवलं होतं. सोळा वर्षांची मुलगी, उपाशी, आणि डोक्यावर आईची तिरडी. ज्यांच्यासाठी आयुष्यभर पुराणं सांगितली, त्यांच्यापैकी चौथा खांदा द्यायला कुणी नाही.

दोघं भावंडं चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेद ठेवला, तेव्हा ती गोंधळलीच. बाईनं वेद वाचायचा नसतो एवढं तिला पक्कं ठाऊक होतं! पण वाचला. बायकांच्या कर्तव्यांवर व्याख्यानं द्यायची म्हणून धर्मशास्त्रंही वाचली. आणि तिच्या ध्यानात आलं की हे ग्रंथ एकमेकांशी बाकी कशावरही भांडत असले तरी एका बाबतीत त्यांचं चांगलंच जुळतं. बाई, मग ती कुठल्याही जातीची असो, आणि शूद्र, या दोघांना मोक्षाचं दार सरळ उघडत नाही.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. ते कायस्थ, म्हणजे सनातन्यांच्या लेखी शूद्र. पुन्हा गहजब! संसार जेमतेम दीड वर्षाचा. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला. मांडीवर दहा महिन्यांची मनोरमा. वय तेवीस.

इथून त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानड्यांसारखी सुधारक मंडळी पाठीशी होती. आर्य महिला समाज स्थापन झाला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक निघालं. हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी बायकांसाठी बाई डॉक्टर हव्यात हे ठासून सांगितलं. स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३ मध्ये मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावी सेंट मेरी संघाच्या जोगिणींच्या मठात उतरल्या. कान अधू होत चालल्यामुळे डॉक्टरकीचं स्वप्न मात्र राहून गेलं.

याच काळात लंडनमधल्या फुलहॅमला एक आश्रम त्यांनी पाहिला. ज्या बायकांना समाजानं वाया गेलेल्या म्हणून टाकलं होतं, त्यांची सेवा तिथे जोगिणी करत होत्या. रमाबाईंना हे नवीन होतं. आपल्याकडे अशा बाईला टाकायचं शास्त्र होतं, उचलून घ्यायचं नव्हतं. हे कुठून आलं, असं विचारल्यावर त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. पाच नवरे झालेली, हलक्या जमातीची बाई, आणि येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो! पंगतीचं आणि पाण्याचं शास्त्र ज्यांनी सोसलंय त्यांना या एका मागणीची किंमत कळेल. काशीच्या नीलकंठशास्त्री गोऱ्ह्यांनी, म्हणजे फादर नेहेम्या गोऱ्ह्यांनी, बौद्धिक शंका पत्रांतून दूर केल्या होत्या. पण मन ओढलं गेलं ते त्या विहिरीकडे, असं मला वाटतं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात वादळ उठलं. जोतीराव फुल्यांनी मात्र सत्सारमध्ये त्यांची बाजू घेतली.

इथवर माझं भाषण छान चाललं होतं, बरं का! जुने परूशी मागे राहिले, रमाबाई आपल्याकडे आल्या. आता आनंदीआनंद.

मग मी त्यांची पत्रं वाचायला घेतली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन, ज्यांना रमाबाईंनी आपल्या आजीच्या जागी मानलं होतं, त्यांनीच हा सगळा पत्रव्यवहार जपून ठेवला होता. तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं छापला. जाडजूड इंग्रजी पुस्तक आहे. मी रात्री स्वयंपाकघर आवरून झालं की ओट्याशेजारी खुर्ची ओढून वाचायची.

रमाबाई शाकाहारी. ख्रिस्ती झाल्या तरी मांस-मासे-अंडी त्यांना नको होती. मठातल्या पुडिंगमध्ये अंडं असायचं म्हणून त्या ते खात नसत. झालं! जोगिणींना त्यात जातीचा अभिमान दिसू लागला. अजून ब्राह्मणीपण सुटलेलं नाही, मग कसली ही ख्रिस्ती? रमाबाईंचं म्हणणं साधं होतं. काय खावं हे कुणावर लादलेलं नाही, मग मी का बदलू? गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंना ती संस्कृतात हवी होती. जी भाषा आपल्या देशातल्या माणसांना येत नाही ती जास्त पवित्र कशी, हा त्यांचा सवाल. त्यावरही नाराजी.

चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकत होत्या, शिकवतही होत्या. तिथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा विषय निघाला तर थेट हिंदुस्थानातल्या बिशपांची हरकत आली. बाई आणि पुरुषांना शिकवणार? मायदेशी परत गेल्यावर वजन राहणार नाही म्हणे! ज्या बाईनं कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत भरलेल्या सभा गाजवल्या होत्या तिला हे ऐकावं लागत होतं. त्यात पुन्हा त्या प्रश्न विचारायच्या. त्रैक्य म्हणजे नक्की काय, हा मतांगीकार बायबलमध्ये कुठे आहे, इतके पंथ आहेत तर खरा कुठला? उत्तर बहुतेक वेळा एकच मिळायचं. तू अजून लहान आहेस, वडीलधारी सांगतात ते नम्रपणे मान. रमाबाईंनी शेवटी जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, ते दुसऱ्याच्या हातून पुन्हा चढवून घेण्यासाठी नव्हे.

मी पुस्तक मिटलं. मला एकदम ती आठवली.

तिचं नाव सांगत नाही. तीनेक वर्षं झाली असतील तेव्हा त्या गोष्टीला. आमच्या भागात चार-पाच घरी पोळ्या करायची. एका गुरुवारी आमच्या महिला संघाच्या प्रार्थनेला येऊन मागे बसली. मग दर गुरुवारी येऊ लागली. गाणी पाठ केली. हिंदू घरातली, नवरा-सासू घरी, कपाळावर लाल टिकली, हातात हिरव्या बांगड्या. प्रार्थनेत डोळे मिटले की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. का ते तिनं कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

आमच्यात कुजबूज मात्र सुरू झाली. यायचंय तर नीट यावं की! एक पाय इकडे, एक पाय तिकडे असं कसं चालेल? उद्या आपल्या सुना-लेकी टिकल्या लावून येतील. मी संघाची चिटणीस. हे नाजूक काम माझ्याकडे आलं. चांगल्या शब्दांत, तिच्या खांद्यावर हात ठेवून मी तिला सांगितलं, की प्रार्थनेला येताना तेवढी टिकली काढून येत जा. पुसून ये, बाहेर पडलीस की लाव पुन्हा हवी तर. म्हणजे बघा, मी तिला ढोंग कसं करायचं तेसुद्धा शिकवलं!

ती हो म्हणाली. पुढच्या गुरुवारी आली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. आम्ही म्हटलं, खडकाळ जमिनीवर पडलेलं बी, रुजलं नाही. असा दाखला आमच्याकडे नेहमी तयार असतो.

अंड्याचं पुडिंग आणि लाल टिकली. वाँटेजच्या मठातली ती टेबलाच्या टोकाला बसलेली प्रेमळ, धर्मनिष्ठ जोगीण आणि खांद्यावर हात ठेवणारी मी. आमच्यात मला काही फरक दिसेना. रमाबाईंच्या पायात काटा रुतवणारी ती माणसं दुष्ट नव्हती. त्यांनीच तर घर दिलं, शिक्षण दिलं, मनोरमेला सांभाळलं. त्यांचं रमाबाईंवर प्रेम होतं. प्रेम होतं म्हणूनच त्यांना वाटत होतं की हिनं अगदी आपल्यासारखं व्हावं. माझंही तसंच. आपली सवय आणि देवाची आज्ञा यांतली रेघ पुसट कधी होते, कळत नाही.

आता पुढचं चरित्र मी वेगळ्या नजरेनं वाचू लागले.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोश्यांच्या पदवीदानाला फिलाडेल्फियात हजर राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर १८८७ मध्ये त्यांनी इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्यात हिंदू रूढींवर टीका आहे तशीच इंग्रज सरकारवरही आहे. रखमाबाईनं न पटलेल्या नवऱ्याकडे नांदायला नकार दिला तेव्हा कोर्टानं तिला नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा असं सांगितलं होतं. स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सरकारच्या न्यायावर रमाबाईंनी बोट ठेवलं. बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी संस्था निघाली, दहा वर्षं पैसे द्यायचं वचन मिळालं आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पुढल्या वर्षी ते पुण्याला आलं. पहिल्या मुलींमधली गोदूबाई ही बालविधवा पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी, आनंदीबाई कर्वे झाली.

शारदा सदनचा नियम काय होता, ऐका. इथे कुणाला ख्रिस्ती केलं जाणार नाही. मुलींनी आपापला धर्म पाळावा. सोवळंओवळं, उपासतापास, जातीचे खाण्यापिण्याचे नियम, सगळ्याला मोकळीक आणि तशी सोय. ज्या सोवळ्यानं आईच्या तिरडीला खांदा मिळू दिला नाही, ते सोवळं या बाईनं आपल्या घरात पोरींना पाळू दिलं! का? कारण आधी त्या पोरी आत यायला हव्या होत्या. केशवपन झालेली, एकवेळ जेवणारी, अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसवलेली पोरगी दारात उभी असताना तिला आधी हे सोड, मग आत ये, असं रमाबाईंनी म्हटलं नाही.

यावरून त्यांना दोन्हीकडून मार बसला. मिशनऱ्यांपैकी काही म्हणाले, ही कसली ख्रिस्ती संस्था? इथे तर बायबल शिकवत नाहीत! उलट रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं असायचं आणि काही मुली आपणहून येऊन बसायच्या, यावर केसरीनं झोड उठवली. दार उघडं का? दार लावून घ्या. रमाबाईंचं म्हणणं, माझ्याच घरात मी दार लावून प्रार्थना का करू? येणाऱ्या मुलीला बोलवत नाही, तसंच हाकलणारही नाही. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले. वीस-पंचवीस मुलींना घरच्यांनी काढून नेलं. त्यातल्या कितीजणींची पाटी त्या दिवशी कायमची सुटली असेल, कोण जाणे.

सगळा दोष एकाच बाजूला घालता येत नाही, हेही मला कबूल करायला हवं. पालकांची भीती अगदीच खोटी नव्हती. त्या सदनातल्या काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्या. पण उघड्या दाराची भीती वाटणारी माणसं दोन्ही धर्मांत होती, एवढं मात्र खरं. एकांना वाटायचं मुलगी त्या दारातून आत जाईल, दुसऱ्यांना वाटायचं आत न येताच ती तशीच राहील.

या सगळ्या वादाच्या मधोमध, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंच्या आत काहीतरी घडलं. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हा मनुष्य अनेक वर्षं पाळक होता, उपासना चालवत होता आणि एक दिवस त्याला उमगलं की आपण धर्म नीट करतोय पण देवाची ओळख आपल्याला नाही. रमाबाईंनी ते वाचून स्वतःकडे पाहिलं. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षं झाली होती. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, ख्रिस्त सापडलेला नाही, असं त्यांना वाटलं आणि १९०७ मध्ये आपल्या साक्षीत त्यांनी ते उघड लिहून टाकलं. मराठीतली एवढी मोठी पंडिता, जगभर नाव, आणि म्हणते काय, तर मी इतकी वर्षं उंबऱ्यावरच होते! मला या कबुलीचं फार अप्रूप वाटतं. परूश्याला सगळं जमतं, हे एक तेवढं जमत नाही.

त्यानंतरचं काम सगळ्यांना ठाऊक आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. रस्त्याकडेला सांगाड्यासारख्या मुली पाहिल्या आणि आपली पोरपणची भूक त्यांना आठवली. तीनेकशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून पुणे-सोलापूर रेल्वेवरच्या केडगावला त्यांना नेलं. तिथल्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. प्लेगच्या इस्पितळांत बायकांची जी विटंबना होत होती तिच्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं. सरकार आपल्या धर्माचं म्हणून गप्प बसल्या नाहीत. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि मुक्तीत दोन हजारांच्या आसपास माणसं झाली. एवढ्या जणींच्या भाकरीचं पीठ रोज दळायचं, म्हणजे काय ते आपल्यापैकी ज्यांनी लग्नघरचा स्वयंपाक केलाय त्यांना कळेल! विणकाम, तेलघाणा, दुधदुभतं, शेती, छापखाना, सगळं मुली चालवायच्या. मनोरमा ब्रेल शिकली आणि तिनं आंधळ्या मुलींना वाचायला शिकवलं. समाजानं टाकलेल्या बायकांसाठी वेगळं कृपा सदन निघालं. फुलहॅमला पाहिलेलं रमाबाई विसरल्या नव्हत्या.

मुक्तीत ख्रिस्ती शिकवण उघडपणे होती. शारदा सदनातलं ते अलिप्तपण उरलं नव्हतं. भुकेल्या पोरींना आसरा देताना धर्मही दिला, अशी टीका तेव्हा झाली, आजही होते आणि ती ऐकून घ्यायला हवी. पण कुठल्याही एका पंथाचा शिक्का त्यांनी मुक्तीवर मारू दिला नाही. साडी साडीच राहिली, भाकरी भाकरीच राहिली. आणि शेवटची अठरा-एक वर्षं त्यांनी एका कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायचं. खेड्यातल्या अर्धवट शिकलेल्या बाईला कुणा शास्त्र्याला विचारायला न जाता वाचता यावं म्हणून. अनंतशास्त्र्यांची लेक शेवटपर्यंत वडिलांचंच काम करत होती, असं म्हणायचं. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. आईनं तेही सोसलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्यांचं बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आलं.

माझ्या त्या रविवारच्या भाषणाचं काय झालं? पुण्याच्या परूश्यांचा भाग मी आटोपशीर केला. वाँटेजचं पुडिंग सांगितलं, बायका हसल्या. मग मी टिकलीची गोष्ट सांगितली. कुणी हसलं नाही. नंतर चहाच्या वेळी एकजण म्हणाली, पण आपल्याकडे असा नियम कुठे आहे? खरंच, नव्हता. कुठल्या घटनेत नाही, कुठल्या ठरावात नाही. लिहिलेलाच नव्हता तर खोडायचा कुठून?

पुढच्या आठवड्यात मी तिचं घर शोधत गेले. कामाच्या घरांमधून पत्ता मिळाला. दोन गल्ल्या पलीकडे, पत्र्याची खोली. वाटेत मी वाक्यं जुळवत होते, माफी कशी मागायची, पुन्हा ये कसं म्हणायचं. ती दारातच तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर करून पाहिलं, मला ओळखलं, आणि काही बोलायच्या आत तिचा हात आधी कपाळाकडे गेला. टिकली काढायला.

मी तो हात धरला. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. तिनं मला आत बसवलं, काळा चहा केला, पोराची परीक्षा, सासूचं दुखणं, इकडचं तिकडचं बोलली. तो विषय तिनं काढला नाही आणि माझी माफी तिनं हसण्यावारी नेली. निघताना म्हणाली, जमेल तसं येते. अजून आलेली नाही.

दर गुरुवारी आम्ही हॉलचं दार आता उघडं ठेवतो. रस्त्यावरचा गोंगाट आत येतो, प्रार्थनेत व्यत्यय येतो, काहीजणी कुरकुरतात. मी चिटणीस आहे अजून. दार लावू देत नाही.